सैनिकावर गाण्याआधी त्याच्या शेजारी बसा : कोल्हापूरच्या तालीम मंडळांना आणि कलावंतांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरातल्या सर्व तालीम आणि तरुण मंडळांचे अध्यक्ष व कार्यकर्ते,
आणि त्यांच्या स्टेजवर गाणारे-वाजवणारे माझे कलावंत मित्र,

सप्रेम नमस्कार.

२६ जुलैचा कारगिल विजय दिवस, मग पंधरा ऑगस्ट, मग गणपती. येत्या काही आठवड्यांत देशभक्तीपर गीतांचा कार्यक्रम होणार नाही अशी एकही पेठ कोल्हापुरात नसेल. तारखा धरायला सुरुवात झाली आहे, ऑर्केस्ट्रावाल्यांना सुपाऱ्या जात आहेत. एकदा बॅनर छापून आला की कोणी काही बदलत नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय.

माझं म्हणणं साधं आहे. आपण सैनिकाच्या बलिदानावर गातो, शत्रूवर गातो, तिरंग्यावर गातो. पण गोळ्या सुटतात तेव्हा सैनिक ज्याच्या भरवशावर जागा सोडत नाही, त्या शेजारच्या माणसावर आपल्या अख्ख्या कार्यक्रमात एक ओळ नसते. ते गाणं व्हायला पाहिजे. कोल्हापुरात व्हायला पाहिजे. आणि जे ते आयुष्य जगून आले आहेत त्यांना विचारून व्हायला पाहिजे.

हे कोण सांगतंय तेही सांगतो. मी दिवसा दुकान बघतो आणि संध्याकाळी ढोलकी वाजवतो. तुमच्यापैकी बऱ्याच मंडळांच्या स्टेजवर मी बसलोय. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्व आघाडीवर होते. जुने फौजी घरात लढाईचं काही बोलत नाहीत असं लोक म्हणतात. माझे वडील भरपूर बोलायचे. फक्त ते ज्याबद्दल बोलायचे, त्याचा आपण स्टेजवर म्हणतो त्या गाण्यांशी काडीचा संबंध नव्हता.

ते बोलायचे आपल्या सेक्शनबद्दल. दहा माणसांचं सेक्शन. कोण झोपेत बरळायचा, कोणाला गावाकडचं पत्र वाचून दाखवावं लागायचं, कोण लंगरमधली जास्तीची पुरी खिशात घालून संत्री ड्यूटीवरच्या बडीला, म्हणजे आपल्या जोडीदार जवानाला, नेऊन द्यायचा. त्यातला एक जण गडहिंग्लज भागातला. तो परत आला नाही. पलटण माघारी आल्यावर बाकीच्यांनी ठरवलं की त्याच्या आईला दर महिन्याला मनीऑर्डर जाईल. सरकारची पेन्शन होती, ती वेगळी. आणि दर महिन्याला पाठवणारा वेगळा असेल, हेही ठरवून. कुणा एकाचे उपकार झाले असं म्हातारीला वाटायला नको म्हणून. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, निरोपाच्या दोन ओळी बसतील एवढं. तिथे प्रत्येक जण तेच लिहायचा : आई, तब्येतीला जप, पैसे पोचल्याचं कळव, तुझा मुलगा. आणि खाली ज्याचं त्याचं नाव. पुढे बदल्या झाल्या, एकेक जण पेन्शनीवर आला, पण पाळी चुकली नाही. ती माउली गेली तेव्हा वडील मला तिच्या गावी घेऊन गेले होते. तिच्या ट्रंकेत ती सगळी कुपनं सुतळीने बांधलेली निघाली. मी हातात घेऊन पाहिली आहेत. अक्षर प्रत्येकाचं निराळं, काहींचं तर नुकतं लिहायला शिकल्यासारखं, आणि शेवटचे दोन शब्द मात्र सगळ्यांवर एकच.

मला सांगा, हे आपल्या कोणत्या गाण्यात आहे?

आता आपल्या कार्यक्रमांत काय होतं ते बघा. सुरुवातीला माजी सैनिकांचा सत्कार. स्टेजवर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग, शाल, श्रीफळ, पाहुण्यांबरोबर फोटो, टाळ्या. मग निवेदक म्हणतो, आता मान्यवरांनी खाली स्थानापन्न व्हावं. आणि लगेच पहिलं गाणं, साऊंड एवढा की समोरच्या घराची तावदानं थरथरावीत. गेल्या वर्षी एका ठिकाणी एकाच पलटणीतले दोघे सत्काराला आले होते. एक सुभेदार म्हणून निवृत्त, दुसरा नाईक. मंडळाने हुद्द्याप्रमाणे बसवलं, एक पहिल्या रांगेत आणि दुसरा पार मागे. दोघांची कित्येक वर्षांत गाठ नव्हती. सत्कार संपल्यावर ते दोघे स्पीकरच्या भिंतीजवळ एकमेकांचे हात धरून कानात ओरडून बोलायचा प्रयत्न करत होते. शेवटी उठले आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाडीवर जाऊन बसले. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ते बाहेर, आणि आत आम्ही त्यांच्या शौर्याचं गाणं वाजवतोय. मंडळाच्या पोरांचा हेतू वाईट नव्हता. वर्गणीसाठी दारोदार फिरून त्यांनी तो कार्यक्रम उभा केला होता. पण सैनिकाला सगळ्यात जास्त काय हवं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

जगातल्या मोठ्या कलावंतांना हे कळलेलं आहे. व्हेरा लिन नावाची इंग्रज गायिका होती. दुसऱ्या महायुद्धात तिचा रेडिओवरचा कार्यक्रम लढाईवर गेलेल्या जवानांसाठी असायचा. ती प्रसूतीच्या इस्पितळात जाऊन बाळंतिणींना भेटायची आणि दूर आघाडीवरच्या बापाला रेडिओवरून निरोप द्यायची. १९४४ साली ती थेट ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली, जिथल्या चौदाव्या आर्मीत सगळ्यात मोठी संख्या हिंदुस्थानी सैन्याची होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात पलीकडे मणिपूरच्या डोंगरात, सांगशाकला, आपल्या मराठ्यांची चौथी पलटण जपान्यांशी झुंजत होती. आघाडीवर गाणं झालं की ती इस्पितळातल्या जखमी जवानांच्या खाटांपाशी बसून गप्पा मारायची. तिला आयुष्यभर जो मान मिळाला तो आवाजाइतकाच या बसण्याचा होता असं मला वाटतं.

आपल्याकडे सुनील दत्त यांनी अजंठा आर्ट्सचं पथक काढून गायक-कलाकारांना सीमेवरच्या ठाण्यांपर्यंत नेलं. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर त्याच पथकाबरोबर लताबाई तिकडे गेल्या आणि गायल्या. त्याच भूमीवर, त्याच डिसेंबरात, आणखी एक गोष्ट घडली होती, ती कोल्हापूरच्या पोरांना पाठ असायला हवी. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलजवळ विमानांतून छत्र्यांनी उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठ्यांचीच पलटण. जमालपूरची लढाई मारून उत्तरेकडून खाली आलेली १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. पुंगलीच्या पुलाशी या दोघींची गाठ पडली. परक्या मुलखात, शत्रूच्या पिछाडीला उतरलेल्या जवानांना समोरून आपली माणसं येताना दिसली असतील, तो क्षण डोळ्यांसमोर आणा. यावर पोवाडा बांधायला कोणाची परवानगी हवी आहे?

तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटून दुसरं असतं ते लताबाईंचं गाणं, चीनच्या लढाईनंतर २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पहिल्यांदा गायलेलं, त्याच्याबद्दलही थोडं सांगतो. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल आपल्या सी. रामचंद्रांची. चाळीसच्या दशकात मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करताना लताबाई याच कोल्हापुरात राहिल्या होत्या, त्यामुळे त्या गाण्यावर आपण जरा हक्कानेच प्रेम करतो. पण प्रदीप यांनी त्या गाण्याचं मानधन लढाईत नवरा गमावलेल्या सैनिकपत्नींच्या निधीला देऊन टाकलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? ते पैसे त्यांच्यापर्यंत नीट पोचत नव्हते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने संगीत कंपनीला थकबाकीपोटी दहा लाख रुपये त्या निधीत भरायला सांगितलं. चाळीस वर्षं अख्खा देश ते गाणं ऐकून रडत होता, आणि ज्यांच्या नावाने रडत होता त्यांच्या वाट्याचा पैसा कोर्टाच्या दारातून यावा लागला. आपण ते गाणं सुपारी घेऊन वाजवतो. त्या सुपारीतलं काही सैनिकाच्या घरी जातं का, हा प्रश्न मला स्वतःला टाळता येत नाही आणि तुम्हीही टाळू नका.

इंग्लंडमधल्या एका कलावंताने तो टाळला नाही. १९८२ साली फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनाची लढाई झाली. डायर स्ट्रेट्स या बँडच्या मार्क नॉफ्लरने त्या सुमारास एक गाणं लिहिलं. रणांगणावर मरत असलेला सैनिक आपल्या सोबत्यांशी बोलतोय, एवढाच त्याचा विषय. शत्रूचं नाव नाही, विजयाची आरोळी नाही. तुम्ही मला एकट्याला सोडून गेला नाहीत, हे तो मरता मरता सांगतो. १९८५ साली ते ज्या अल्बममध्ये आलं तो जगभर कोट्यवधींनी खपला. आपल्या सोबत्याला निरोप देताना आजही तिकडचे माजी सैनिक ते लावतात. आणि २००७ साली, लढाईला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, नॉफ्लरने ते पुन्हा रेकॉर्ड केलं आणि त्याचं उत्पन्न त्या लढाईचे भोग अजून भोगणाऱ्या माजी सैनिकांसाठी दिलं. लोकांना फक्त जोशाचं गाणं लागतं असं आपले आयोजक म्हणतात. हे संथ गाणं आहे. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, कारण त्यातलं नातं खरं आहे.

जिमी हेंड्रिक्सची गोष्ट मला त्याहून आवडते. १९६१ साली तो अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये साधा जवान होता, फोर्ट कॅम्पबेलच्या तळावर. एक दिवस पाऊस आला म्हणून बिली कॉक्स नावाचा दुसरा जवान सर्व्हिस क्लबच्या दाराशी आडोशाला थांबला. आतून गिटार ऐकू आली. आत गेला, ओळख करून घेतली, स्वतः बास गिटार घेतली आणि दोघे वाजवायला लागले. त्यातून बराकीतल्या पोरांचा बँड झाला. पुढे फौज सुटली. हेंड्रिक्स एवढा मोठा झाला की गिटार हातात धरणारा प्रत्येक जण आजही त्याचं नाव घेतो. १९६९ मध्ये त्याचा आधीचा बँड मोडला. त्या वेळी जगातला कुठलाही बासवादक त्याच्याकडे धावत आला असता. त्याने बोलावलं कॉक्सला. वुडस्टॉकच्या त्या प्रचंड गर्दीसमोर त्याच्याबरोबर बास घेऊन उभा होता तो हा बराकीतला दोस्त. आणि त्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीपासून न्यूयॉर्कमध्ये झालेल्या कार्यक्रमांत दोघांनी मिळून जे गाणं वाजवलं, त्यात गिटार आणि ड्रम मशीनगनसारखे धडधडतात. हेंड्रिक्सने ते व्हिएतनाममध्ये लढणाऱ्यांना आणि स्वतःच्या देशातल्या शहरांत लढणाऱ्यांना अर्पण केलं होतं. हेंड्रिक्स लढाईवर कधी गेला नाही. पण फौजेत जोडलेलं माणूस आयुष्यभराचं असतं हे त्याला कळलं होतं, आणि ते त्याच्या वाजवण्यात उतरलं.

आणि परक्यांचं कशाला, बाबूजी कोल्हापूरचेच. सुधीर फडके यांचा जन्म इथला, २५ जुलै १९१९ चा. आपण त्यांची भावगीतं गातो, त्यांच्या नावाने मैफली करतो. १९५४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दादरा-नगर हवेलीवर जे तरुण चालून गेले त्यांत बाबूजी होते, बाबासाहेब पुरंदरे होते. त्या मोहिमेला पैसा उभा राहावा म्हणून लताबाईंनी पुण्यात कार्यक्रम केला. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाली. नावाजलेला संगीतकार हातातली कामं सोडून जिवावरच्या मोहिमेला निघतो, ते सोबतच्या माणसांवर विश्वास असल्याशिवाय होत नाही. त्यांच्या गाण्यांच्या मैफलीत निवेदक राग, ताल, चित्रपट सगळं सांगतो. हे सांगताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, अशा विषयाला स्टेजवर उठाव कसा येणार? मित्रांनो, आपण पिराजीराव सरनाईकांच्या गावात राहतो. या विषयासाठी पोवाड्यासारखा दुसरा प्रकार नाही. मी ढोलकीवर बसतो तिथून मला जे दिसतं ते सांगतो. शाहीर कधीच एकटा गात नाही. चढ्या आवाजात चौक म्हणून त्याचा दम संपत येतो, नेमक्या त्या जागी मागचे झीलकरी जी जी रं जी करून ओळ उचलतात. त्यांनी अर्धा क्षण उशीर केला तर शाहीर उघडा पडतो. ते कधी उशीर करत नाहीत, कारण त्यांचे कान त्याच्या श्वासावर असतात. सैनिक आणि त्याचा बडी यांची गोष्ट सांगायला याहून चांगली रचना कुठून आणणार? मुख्य शाहिराने एका जवानाच्या तोंडून बोलावं, झीलकऱ्यांनी सेक्शन म्हणून उत्तर द्यावं. डफ, तुणतुणं, ढोलकी, गरज पडली तर हलगी. करून तर बघा.

पावनखिंडीचा पोवाडा आपण दर वर्षी ऐकतो. पन्हाळ्यापासून खिंडीपर्यंत आपली पोरं दर जुलैला पावसात चालत जातात. त्या पोवाड्यात बाजीप्रभू आहेत, असायलाच पाहिजेत. पण त्यांच्याबरोबर खिंडीत उभे होते ते बांदल, हिरडस मावळातले, एकमेकांच्या शिवेला शीव लागलेल्या गावांतले. त्यांतल्या कित्येकांना शेजारी पडलेला माणूस लहानपणापासून ओळखीचा होता. दरबारातलं तलवारीच्या मानाचं पहिलं पान पुढे जेधे घराण्याकडून बांदलांकडे गेलं. मान मिळाला तो सगळ्या जमावाला. शिवाजी महाराजांना ठाऊक होतं की खिंड एकट्याने लढवली जात नाही. आपल्या पोवाड्यांतून मात्र बांदल एका ओळीत उरकले जातात.

आणखी एक, आणि हे मनापासून सांगतो. देशभक्तीचं गाणं एखाद्या गल्लीच्या तोंडाशी, कुणाच्या तरी प्रार्थनेच्या वेळेला, मुद्दाम आवाज चढवून लावायचं, हे बंद करा. फौजी माणसाला यात अभिमान वाटत नाही. त्याने ज्याच्याबरोबर एका ताटात खाल्लं आणि एका खंदकात रात्र काढली, त्याची जात आणि धर्म त्याने विचारला नाही. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी घ्या, गावाच्या नावातच सैनिक आहे. तिथल्या जुन्या माणसांसमोर असलं काही करून दाखवायची छाती आपल्यात आहे का?

मला यंदा काय हवंय तेही स्पष्ट सांगतो. सत्काराला माजी सैनिकांना बोलवाल तेव्हा पलटणीनुसार बोलवा आणि एका पलटणीचे एकत्र बसवा, हुद्दा बाजूला ठेवून. कोण कोणत्या पलटणीतला हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि माजी सैनिकांच्या संघटनांकडे विचारता येतं. कार्यक्रम आठला असेल तर त्यांना सहाला बोलवा. चहा-नाष्टा ठेवा आणि साऊंड बंद ठेवा. दोन तास त्यांना आपापसांत बोलू द्या. तिथे गीतकार, शाहीर, निवेदक यांनी वही घेऊन बसावं आणि ऐकावं. एवढं केलंत तरी यंदाच्या निवेदनात पाठ केलेल्या शेरांऐवजी खऱ्या माणसांची नावं येतील, आणि पुढच्या वर्षीपर्यंत एखादं नवं गाणं उभं राहील. सोबती गमावलेल्यांना बोलतं करताना घाई करू नका. ज्याला बोलायचं नाही त्याच्या हातात माईक देऊ नका.

कलावंत मित्रांना वेगळी विनंती. देशभक्तीपर कार्यक्रमाच्या मानधनातला ठरावीक हिस्सा, प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे, ध्वजदिन निधीला द्यायचा असं आपण आपल्यात ठरवू. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. त्याच्या आधी रक्कम जमा करू, पावती घेऊ आणि ती पावती पुढच्या कार्यक्रमात स्टेजवर लावू. मंडळांनीही वर्गणीच्या हिशेबात तेवढा एक रकाना वाढवावा.

माझ्याकडून सांगायचं तर, सैनिकांच्या मैत्रीवर नवं गाणं किंवा पोवाडा बसवणाऱ्या कोणत्याही मंडळासाठी, कोणत्याही शाहिरासाठी, यंदा मी ढोलकी एक पैसा न घेता वाजवीन. तालमीलाही येईन, मग ती रात्री अकराला असो. वडिलांच्या सेक्शनमधले जे आज हयात आहेत त्यांच्याशी मी बोललो आहे. येऊन बसायला ते तयार आहेत. त्यांची एकच अट आहे, त्यांना स्टेजवर नको, प्रेक्षकांत हवं आणि एकत्र हवं.

ज्या मंडळांना हे पटेल त्यांनी २६ जुलैच्या आधी मंगळवार पेठेतल्या कोणत्याही ढोलकीवाल्याकडे निरोप ठेवावा, माझ्यापर्यंत पोचेल.

आपला,
मंगळवार पेठेतला एक ढोलकीवादक,
कोल्हापूर